दीक्षाची हमी

६ जानेवारी
समुद्र इथून एका रात्रीच्या प्रवासावर, आणि आम्ही आदिलाबादेत 'किनारा-अभ्यास' शिकवतो! भूगोल, प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र — तिन्हींचं मिळून एक सत्र. किनाऱ्यावरचं काम केलं नाही तर नापास. नियम माझाच. आज दीक्षा उभी राहिली. "मॅडम, घरचे नाई म्हणून राह्यले." वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. म्हटलं, अपवाद नाही.

९ जानेवारी
बसने तामसीला गेले. दीक्षाचे वडील चंपतराव शाळेत क्लार्क आहेत. भिंतीवर थोरल्या मुलाचा फोटो, हार घातलेला. पैनगंगेत गेला म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. चहा आला. चंपतरावांनी कप माझ्यापुढे सरकवला.
"बाकी कुठंबी न्या, मॅडम. पाण्याजवळ नका."
"घोट्याच्या वर पाणी लागू देणार नाही. हमी माझी."
"तुमाले पोहता येते?"
"ती वेळच येणार नाही!"
ते दीक्षाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्या." तिची आई उठून आत गेली.

२० जानेवारी
निघालो. दीक्षाला खिडकी दिली. शेजारी मी.

२१ जानेवारी
मछलीपट्टणम. समुद्र दिसला तशी मुलं ओरडली. दीक्षाने चपलाही काढल्या नाहीत. पाणी कुठवर चढतं ते मोजायला खुंट्या ठोकल्या.

२२ जानेवारी
सकाळी ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं. मुलांना बांधावर थांबवून शेवटच्या खुंटीवरचा आकडा घ्यायला मीच गेले. वाटेतला ओहोळ कोरडा होता. मी नदीकाठची — आमच्याकडे उतरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय परत येत नाही. इतकी वर्षं फळ्यावर भरती-ओहोटी काढली, आणि समुद्राकडे तोंड करून निवांत लिहीत बसले!
पाणी समोरून आलंच नाही. मागच्या ओहोळातून आलं. वळले तर मुलं पलीकडे, मध्ये छातीइतकं पाणी, त्याला ओढ. उतरले, आणि पाय चिखलात रुतला.
"मॅडम, हलू नका!" दीक्षा. मी ओरडले — मागे फिर! ऐकते कुठली. सरळ पोहत आली. दंडाला धरून खेकसली, "आता पाय सैल सोडा. सोडा म्हणते ना!" माझ्याशी या आवाजात आजवर कोणी बोललं नव्हतं. सोडले.
मला ओढत काठावर आणल्यावर एवढंच म्हणाली, "बाबाले सांगू नका."

२४ जानेवारी
परतलो. हमी मी दिली होती. उद्या तामसी.

२५ जानेवारी
सगळं सांगितलं. चंपतराव रागावले नाहीत.
"पोहायले मीच शिकवलं, दोघायले बी. पोरगा तं पट्टीचा पोहनारा. दुसऱ्याच्या पोराले काढायले उतरला होता. दीक्षा बुडन, याचं भेव नव्हतं मले. कोनी बुडून राह्यलं तं ती काठावर थांबनार नाई, याचं होतं. म्हणून तं इचारलं, मॅडम — तुमाले पोहता येते का."