शेरा : व्हायोलिन

२ फेब्रुवारी

शिरोड्याला पोचले. बांद्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा. खोली छान आहे. खिडकीतून माड दिसतात. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. घरमालक ह्युबर्टसर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नी लिंडा. त्यांना आंटी म्हणायचं, हे त्यांनीच ठरवून टाकलं. रात्री बांगड्याचं तिखलं होतं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर आंटी म्हणाल्या, घाटावरची असान खातंस गो बरी.

ज्या पेशंटांच्या ठोक्यांवर मी ऑफिसातून लक्ष ठेवणार आहे, त्यांपैकी सर एक. त्यांच्या डाव्या छातीत, कातडीखाली, करंगळीच्या पेराएवढी पट्टी बसवली आहे. ती हृदयाचे ठोके टिपते. पलंगाशेजारी एक पांढरी पेटी असते. ती पट्टीकडून ठोके घेते, तारेशिवाय, आणि माझ्या कॉम्प्युटरला पाठवते. पट्टी पेटीपासून दोन मीटरच्या आत असावी लागते. त्यापलीकडचं पेटीला काही कळत नाही.

५ फेब्रुवारी

बाजारात दोन खोल्यांचं ऑफिस. रेडी गावापासून इथपर्यंत छत्तीस पेशंट. ठोके बिघडले की पडद्यावर इशारा येतो. मी तो तपासून खूण करायची : खरा किंवा गोंगाट. खरा असेल तर लगेच पेशंटला आणि डॉक्टरांना फोन. गोंगाट असेल तर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं. मिक्सर. स्कूटर. पाण्याचा पंप.

आज चार वाजता सरांचा इशारा आला. मी धावत घरी. सर पलंगावर बसून व्हायोलिन वाजवत होते. चर्चमध्ये ईस्टरला वाजवायचं आहे, त्याचा सराव. ते जुन्या पद्धतीने व्हायोलिन खांद्यावर न घेता छातीवर टेकवतात, नेमकं पट्टीवर. मी दारात धापा टाकत उभी. सरांनी विचारलं, मशिनीक वाटला मी मरतंय? आतून आंटी म्हणाल्या, वाजवणाच तसला, मशिनीचो काय दोष.

खूप हसलो.

१५ फेब्रुवारी

रोज चारला इशारा. रोज गोंगाट. शेरा : व्हायोलिन. आता मी आलेख उघडतही नाही. कोल्हापूरच्या मुख्य ऑफिसातून कौतुकाचा मेल आला. सगळ्या केंद्रांत इशारे सर्वांत लवकर मी निकाली काढते.

सर मला नोटेशन शिकवणार आहेत. त्यांच्या मते मला कान आहे. आंटींच्या मते त्यांना नाही.

२५ फेब्रुवारी

सर गेले.

आंटी बहिणीकडे बांद्याला गेल्या होत्या. चार वाजून तीन मिनिटांनी इशारा आला. मी रेडीच्या एका बाईंशी फोनवर बोलत होते, त्यांची पेटी बंद पडली होती. बोलता बोलता खूण केली. गोंगाट. व्हायोलिन.

सहाला आंटी परतल्या. सर पलंगावर आडवे होते. चष्मा खाली पडलेला.

व्हायोलिनची तार रविवारी तुटली होती. सरांनीच मला नाश्त्याच्या वेळी सांगितलं होतं. मडगावहून आणायची म्हणाले होते.

आता आलेख उघडला. ठोके विस्कटल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ मोजला. अकरा मिनिटं.

२७ फेब्रुवारी

दफन झालं. दहन असेल तर आधी पट्टी काढून घ्यायची, असा आमचा नियम आहे. आगीत बॅटरी फुटते. दफनाबद्दल नियमात एक ओळही नाही. पट्टी सरांबरोबर गेली. दफनभूमी घरापासून एक किलोमीटरवर.

पेटी परत घ्यायला हवी होती. आंटींनी विचारलं, महिन्याची मीस, चर्चमधली प्रार्थना, होईपर्यंत ठेवली तर चालेल का. तिचा हिरवा दिवा वर्षभर त्यांच्या उशाशी होता. मी हो म्हटलं. त्यांनी काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

आंटी माझ्याकडे बोट करून शेजारणीला सांगत होत्या, ह्या चेडू माझ्यापरास जास्त रडता.

सातव्या दिवसाच्या मिसेनंतर त्यांना माझ्या त्या खुणेबद्दल सांगायचं.

४ मार्च

मीस झाली. सांगितलं नाही.

चार वाजून तीन मिनिटांनी इशारा आला. पेशंट क्रमांक एकोणीस. ह्युबर्टसर. अकरा मिनिटं.

पेटीपासूनचं अंतर : अर्धा मीटर.

५ मार्च

मुख्य ऑफिस म्हणालं, पेटीत जुनी नोंद अडकली असेल, पुसा. पुसली. तरी चार-तीनला इशारा. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. अकरा मिनिटं तंतोतंत तीच. जुना तिथे संपतो. हा बारावं मिनिट चालला.

बाराव्या मिनिटाची नोंद कुठेच नव्हती. ती आज झाली.

८ मार्च

पंधरा मिनिटं.

इशारा आला की पेटी बारीक वाजते. आंटींनी ते ओळखलं. इलो गो, म्हणाल्या. दोन कप चहा केला, एक पेटीजवळ ठेवला. मग सरांवर ओरडल्या, कपाटाची चावी खंय ठेवलंस ती सांगून तरी जावचा. ओरडताना हसत होत्या. इतक्या दिवसांनी पोटभर जेवल्या.

त्यांना वाटतं ते भेटायला येतात. मी आलेख वाचू शकते. ते मरत आहेत. रोज. रोज एक मिनिट जास्त.

पडदा मला विचारतो : खरा की गोंगाट? गोंगाट मी पुन्हा लिहू शकत नाही. खरा म्हटलं की मृत पेशंटची फाइल बंद होते, पेटी थांबते. त्यांचे हाल संपतील. आंटींचे ते पुन्हा जातील. आणि का, ते मला सांगावं लागेल.

मी काहीच खूण केली नाही.

११ मार्च

अठरा मिनिटं. गादी एका बाजूने दबलेली. उशी ओली. आंटी म्हणाल्या, उकडता त्येका. पंखा लावला.

घाम आहे तो. मला माहीत आहे कसला —

उद्या. नक्की उद्या.

१२ मार्च

सांगितलं. शेरा दाखवला. आलेख दाखवला.

आंटींनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं. मग विचारलं, एकटोच होतो? हो म्हटलं. किती वेळ? अकरा मिनिटं. आणि आता रोज ताच? हो.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, आणि मी त्येका चाय देय होतंय.

चारला पेटी वाजली. त्या स्वयंपाकघरात कानांवर हात ठेवून बसल्या. एकोणीस मिनिटं.

नंतर म्हणाल्या, उद्या बंद कर. पण आदी माका त्येच्या वांगडा, त्येच्या बाजूक, रवाक दी.

१३ मार्च

४.०० — आंटी पलंगावर, सरांच्या जागेशेजारी आडव्या. मी दारात, मांडीवर लॅपटॉप. त्या हात वर करतील तेव्हा 'खरा' दाबायचं. तोवर वेळ बघून लिहिते आहे.

४.०३ — सुरू.

४.०६ — गादी दबली. आंटींनी तिकडे हात टाकला. बांद्याला गेल्याबद्दल माफी मागत आहेत.

४.१४ — अकरा मिनिटं.

४.२३ — वीस. थांबायला हवं. थांबत नाही. ठोके सावकाश होत आहेत. एकसारखे. त्यांचे इतके शांत ठोके मी कधी —

४.३१ — आंटींचं बोलणं थांबलं. झोप लागली असावी. किती दिवस झोपल्या नाहीत. झोपू दे.

४.३५ — पडद्यावर आलेखाची दुसरी ओळ. दुसरे ठोके. त्याच पेटीवर.

आंटींच्या छातीत पट्टी नाही.

४.३६ — दुसरी ओळ मंद होते आहे. पहिलीशी जुळत —

झोप लागली असावी, असं लिहिलं मी. न बघता. पुन्हा शेराच लिहिला — पाच मिनिटं गेली —

फोन — नाही, आधी आत — आंटी, ह्या वेळी मी —