शनिवारी वलीद कुठं जातो

मुकुंदवाडी, छ. संभाजीनगर
६ जानेवारी २०२५

ती. अक्का यांस,
गुडघ्यानं परवानगी दिली तेवढं वाकून सर्जेरावचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांना फोन झेपत नाही आणि मी फोनवर ओरडलेलं लक्ष्मीला झेपत नाही, म्हणून आपलं हे पत्रच बरं. इकडे सर्व खुशाल. चार वर्षं झाली, तुझ्या धाकट्या भावाचं देवगावला येणं झालं नाही, हे तू लिहायच्या आत मीच लिहून टाकतो. गुडघा एसटीची पायरी चढू देत नाही.

वरच्या मजल्यावर आपले तिघे भाडेकरू आहेत ना, इद्रीस, हैदर आणि वलीद, ते विद्यापीठात शिकतात. परदेशी माणूस घरात ठेवला की सरकारला फॉर्म भरून कळवावं लागतं. ते मी कळवलंच. पण एका फॉर्मवर माझं समाधान कसं व्हावं? एकतीस वर्षं पैठणच्या धरणावर पाण्याची आवक आणि विसर्ग लिहिला मी. एवढा नाथसागर नजरेतून निसटला नाही, तिथं तीन अरब काय निसटणार! गेल्या एप्रिलपासून वही घातली आहे. नाव, राष्ट्रीयत्व (तिघांचंही अरब), विसर्गाची वेळ, आवकेची वेळ, दिशा, कारण, शेरा. नमुन्यादाखल: इद्रीस, विसर्ग ७.१०, आवक ७.२१, कारण दूध, शेरा अर्धाच लिटर.

परदेशगमनही सोडलेलं नाही. कोणतं विमान कुठं उडतंय हे मोबाईलवर दिसतं म्हणून कळलं, तेव्हापासून माझी मोठी सोय झाली. हैदर सुट्टीला घरी निघाला तेव्हा मुंबईपासून मस्कतपर्यंत, म्हणजे त्याचं विमान बदलेपर्यंत, मी जागचा हललो नाही. लक्ष्मीनं पोहे आणले आणि परत नेले. विमान समुद्रावर जरा उजवीकडे वळलं तेव्हा मला काळजी वाटली, पण मी इथून काय करणार?

अडचण फक्त वलीदची. हा सहा वर्षांत एकदाही घरी गेलेला नाही, तिकडे लढाई चालू आहे म्हणे. म्हणजे विमानाचा प्रश्न नाही. पण एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी हा सकाळी पिशवी घेऊन निघतो तो रविवारी दुपारी उगवतो. कुठं जातोस विचारलं की हसून बाहेर म्हणतो. बाहेर हे काय ठिकाण झालं? मी लाल शाईनं 'स्थळ अज्ञात' लिहितो. आणि त्याचं मराठी आमच्या गल्लीतलं नाही. परवा लक्ष्मीला म्हणाला की भाजी लई ब्येस झाली, पर मीठ उलीसं कमी हाय. हे विद्यापीठात शिकवत नाहीत एवढं मला नक्की ठाऊक आहे.

तब्येतीला जप. लोभ आहे तसाच राहू दे, वाढवायला गेलीस तर सोबत उपदेशही वाढतो.

तुझा,
सर्जेराव


देवगाव रंगारी
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

चि. सर्जेराव यास,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्म्याहून जास्त चि. सौ. लक्ष्मीला दे, तुझ्यासोबत राहते म्हणून.

तुझी वही ऐकून धन्य झाले. तेहतीस वर्षं मी पोरांना भूगोल शिकवला आणि माझा सख्खा भाऊ राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात अरब लिहितो! उद्या कुणी तुझ्या नावापुढं देश म्हणून मराठवाडा लिहिलं तर चालेल का? वलीद येमेनचा, इद्रीस सुदानचा, हैदर इराकचा. तिन्ही देशांच्या हद्दी एकमेकींना लागतसुद्धा नाहीत. नकाशा घे, चष्मा लाव आणि लाल शाईनंच दुरुस्त कर.

दुसरं असं की, धरणाचे दरवाजे उघडायला तुझी वही लागत होती हे मान्य. दूध आणायला लागत नाही. पाण्याची नोंद केली तरी पाण्याला काही वाटत नाही, माणसाला वाटतं. पोरं गरीब म्हणून गप्प आहेत. मी असते तर रोज पाच वेळा उगाच बाहेर पडून तुझी पानं संपवली असती.

त्या वलीदच्या मागं तर अजिबात लागू नकोस. शनिवारी जातो, रविवारी येतो, कुणाचं काय नेतो? दारू पिऊन आला का? नाही ना? मग झालं तर. त्याचा खोकला अजून गेलेला नसेल, सकाळी त्याला ऊन पाणी देत जा. वरचा गीझर तू बंद ठेवतोस हे काही गुपित नाही.

माझं छान चाललंय. अक्षर मोठं आलंय ते घरात कागद जास्त झालेत म्हणून. तिळगूळ पाठवते आहे, खा आणि निदान संक्रांतीपुरता तरी गोड वाग.

आशीर्वाद आहेतच, मोजत बसू नकोस.

तुझी,
अक्का


मुकुंदवाडी
११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि. या खेपेस गुडघ्याची सबब न सांगता.

दोन आठवडे लिहायला हात धजत नव्हता. वलीदच्या खोकल्याचं तुला लक्ष्मीनं कळवलं असावं. आता जे लिहितो आहे ते तिनं कळवलेलं नसणार, कारण ती माझ्याशीच काय, माझ्याविषयीही बोलत नाही. ताट ठेवते आणि आत जाते.

वलीदची इथली मुक्कामाची मुदत ५ मार्चला संपते. ती वाढवून मिळावी म्हणून त्यानं अर्ज केला होता. त्याच्या चौकशीला एक साहेब घरी आले. नेहमीचे चार प्रश्न विचारून ते निघालेच होते. पण मी त्यांना बसवलं, दोनदा चहा पाजला आणि आपण होऊन वही पुढं केली. त्यांनी पाऊण तास वाचली. आजवरच्या नोकरीत अशी वही कुणी दिली नाही म्हणाले. मला ते शाबासकीसारखं वाटलं, अक्का. मी त्यांना लाल शाईची पानंही उलगडून दाखवली. ते वही घेऊन गेले आणि तिची पोच मी कपाटात जपून ठेवली.

चौथ्या दिवशी वलीदला नोटीस आली. एकवीस शनिवार तो अज्ञात स्थळी होता, त्याचा २८ तारखेपर्यंत पुराव्यानिशी खुलासा करावा आणि तोवर शहर सोडू नये. खुलासा पटला नाही तर मुदत वाढणार नाही. त्याची शेवटची तोंडी परीक्षा २० मार्चला आहे. डाळिंबाच्या सालीपासून औषध काढण्यात या पोरानं सहा वर्षं घातली. पंधरा दिवस आधी देश सोडावा लागला तर ते सगळं मातीत. आणि जाणार तरी कुठं? घर आहे तिथं लढाई आहे.

मी त्याचे दोन्ही हात धरून विचारलं. कुठं जातोस एवढंच सांग, मी स्वतः जाऊन साहेबांना सांगतो म्हणालो. तो म्हणाला की काका, वचन दिलंय. ज्यांच्याकडे जातो त्यांनीही सरकारला कळवायला हवं होतं, ते कळवलेलं नाही, आता नाव घेतलं तर त्यांना त्रास होईल. रागावला नाही. एवढं बोलून खाली गेला आणि नळाला पाणी आलं होतं म्हणून आमची टाकी भरून ठेवली.

इद्रीस आणि हैदर आता बाहेर पडताना माझ्यासमोर येऊन उभे राहतात, कुठं चाललोय ते सांगतात आणि मान खाली घालून जातात. असं व्हावं हीच माझी इच्छा होती. आता ते बघवत नाही. मला माझी लाज वाटते. काही मार्ग सुचला तर कळव.

तुझा,
सर्जेराव


देवगाव रंगारी
१५ फेब्रुवारी २०२५

सर्जेराव यास,
आशीर्वाद शेवटी देईन, देण्यासारखे उरले तर.

ते अज्ञात स्थळ म्हणजे माझं घर. तू जन्मलास तेच.

मागल्याच्या मागल्या दिवाळीला तुझ्या लाडक्या गुडघ्यामुळं तू फराळाचा डबा वलीदच्या हाती पाठवला होतास, आठवतंय? डबा घेऊन तो दारात आला तेव्हा मी कडी चाचपून शोधत होते. त्याला पाणी दिलं ते निम्मं तांब्याच्या बाहेर ओतलं. मी हसण्यावारी नेलं, त्यानं नेलं नाही. दुसऱ्या दिवशी हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. तेव्हापासून एक आड एक शनिवारी येतो. डोळ्यांत घालायचं औषध आणतो, किती थेंब उरले बघतो, माझ्याकडून मराठी शिकतो आणि माझ्या आमटीला नावं ठेवतो. पिशवीत औषध आणि संत्री असतात. तुझ्या रकान्यात भर.

कुणाला सांगायचं नाही असं वचन मीच घेतलं होतं. कारण तू ऐकताक्षणी मला मुकुंदवाडीला नेऊन ठेवलं असतंस आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं असतंस: अक्का, विसर्ग ४.०५, कारण देऊळ, शेरा चप्पल उलटी. बहात्तराव्या वर्षी मला कुणाच्या वहीत जायचं नव्हतं. हा माझा ताठा, आणि तो त्या लेकराला भोवला. तुला नावं ठेवायला मी पहिली, पण यात मीही चुकले आहे. खूप चुकले.

दोन शनिवार वाट पाहिली रे. पोळ्या करून झाकून ठेवल्या. मग मनात आलं, कंटाळला असेल म्हातारीला. मी त्याच्याबद्दल असा विचार केला आणि तो तिकडे माझं नाव न घेता देश सोडायच्या तयारीला लागला होता.

सोबत सरपंचासमोर सही केलेला माझा जबाब आहे. परदेशी पाहुणा घरी उतरवला आणि कळवलं नाही, हा दोष माझा, काय ती शिक्षा मला करावी, असं त्यात लिहिलं आहे. डॉक्टरांचे कागद आहेत. त्यावर नातेवाईक म्हणून वलीदची सही आहे आणि नात्याच्या जागी त्यानं भाचा लिहिलं आहे. तुझ्या घरात राहतो म्हणजे भाचाच की, असं त्याचं गणित. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानंही फाडून दिली आहेत, औषध आणलं की तो त्या तारखेवर खूण करायचा. सगळं उद्याच्या बसच्या कंडक्टरकडे देते. स्टँडवर जाऊन घे. रिक्षा कर, पण जा.

आता आशीर्वाद. हे काम झालं तर सगळे तुझे.

अक्का


मुकुंदवाडी
२८ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का यांस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार. खरोखरचा, तो येऊन करतोच.

आधी मुद्द्याचं: मुदत जूनअखेरपर्यंत वाढली. वलीद २० मार्चची परीक्षा देणार.

साहेबांनी एका बाजूला तुझी दिनदर्शिका घेतली, दुसऱ्या बाजूला माझी वही. तारखा लावत गेले. एकवीसच्या एकवीस जुळल्या. तुझा जबाब वाचून झाल्यावर ते थोडे हसले, म्हणाले की बाईंना सांगा, यापुढं पाहुणा उतरला की कळवायचं, शिक्षेची एवढी हौस बरी नाही.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही तुमची सख्खी बहीण का, म्हणाले. हो म्हणालो. गाव किती लांब? दीड-दोन तास. मग अज्ञात कसं? मी गुडघा म्हणालो आणि माझं मलाच ऐकवेना. त्यांनी कोरा कागद पुढं केला, वहीतली नोंद चुकीची होती तर ती का चुकली हे माझ्या अक्षरात हवं म्हणाले. मी लिहिलं: 'सदर स्थळ माझ्या सख्ख्या बहिणीचे घर आहे. मी चार वर्षांत तिथे गेलेलो नाही, म्हणून ते मला अज्ञात होते.' अक्का, एकतीस वर्षांत लाखभर नोंदी केल्या असतील. कधी अडलो नव्हतो. सहीला दोनदा पेन टेकवावं लागलं.

कचेरीतून बाहेर आल्यावर वलीदनं विचारलं की काका, पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो का, आणि माझा दंड धरला. मी तिथं फाटकाशी उभा राहून रडलो. तो पाठ करून रिक्षा शोधत राहिला. समोर चार रिक्षा उभ्या होत्या.

लक्ष्मी बोलायला लागली आहे. पहिलं वाक्य लिहिण्यासारखं नाही. ८ तारखेच्या शनिवारी वलीदसोबत मीही येतो. एसटीची पायरी तो चढवील म्हणाला आहे. येऊ ना?

तुझा,
सर्जेराव


देवगाव रंगारी
४ मार्च २०२५

चि. सर्जेराव यास,
कबूल केल्याप्रमाणे सगळे आशीर्वाद तुला. लक्ष्मीसाठी वेगळे तयार करते आहे.

स्वतःच्या घरी यायला परवानगी काय मागतोस? ये. पण काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. खिडकीजवळची खाट वलीदची, तिच्यावर नजर ठेवू नकोस. त्याचे रोजे चालू आहेत, तेव्हा दिवस मावळेपर्यंत त्याच्यासमोर चहा मागायचा नाही. मावळला की त्याला आधी खजूर, मग तुला चहा. आमटी मी त्याच्या सांगण्याप्रमाणे सुधारली आहे, तुला आवडली नाही तर गप्प खा. त्याच्या मुक्कामाचा फॉर्म तूच भरून आण, एवढी वर्षं लिहिण्यात घालवलीस त्याचा कुठंतरी उपयोग होऊ दे.

आणखी एक, म्हणजे ऐनवेळी तुझी धांदल व्हायला नको. काचबिंदूनं कडेचं दिसणं गेलं ते आता परत यायचं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. मी वेळेवर दाखवायला गेले असते तर वाचलं असतं. आता समोरचं तेवढं दिसतं. तेव्हा आलास की लाजून दाराच्या कडेला उभा राहू नकोस. मला तू दिसणार नाहीस. सरळ समोर ये.

वाट पाहते.

तुझी,
अक्का