चांगला पाय

सोमवार, ३ तारीख
नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. आज मी खूश आहे, हे आधी लिहून ठेवते, कारण खूश असल्याचं मला फार दिवस लक्षात राहत नाही.

प्रयोगशाळा पोहण्याच्या तलावाच्या मागच्या बाजूला आहे, त्यामुळे फाइलींनासुद्धा क्लोरिनचा वास येतो. आमच्याकडे गुडघ्याचं लिगामेंट तुटून ऑपरेशन झालेले खेळाडू येतात. त्यांना चाचणीच्या खोलीत एका जाडजूड खुर्चीला पट्ट्यांनी बांधायचं, डोक्यावर चौसष्ट तारांची टोपी चढवायची आणि ‘टुंग’ वाजलं की पायाने समोरची गादी ढकलायला सांगायचं. खुर्ची ताकद मोजते, टोपी मेंदू काय करतोय ते सांगते. चाचणीच्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना फोम लावलाय, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत काही ऐकू जात नाही. आम्ही काचेपलीकडे बसतो.

आमचे प्रमुख म्हणजे ‘टक्के सर’. हे नाव सगळ्यांनी ठेवलंय आणि त्यांना ते माहीत आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन तास समजावलं की गुडघा नऊ महिन्यांत बरा होतो, पण मेंदू घाबरलेलाच राहतो. साधा जिना उतरतानाही तो त्या गुडघ्यावर डोळा ठेवून असतो. यंत्रं सांभाळणारा ‘टोपीवाला’ मात्र अबोल. टोप्या तो लहान मुलांच्या शांपूने स्वतः धुतो आणि दोरीवर वाळत घालतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पहिल्याच दिवशी मी एक टोपी उचलली, तर असं पाहिलं जणू मी त्याचं बाळच उचललं.

माझं काम फिजिओथेरपिस्टचं. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्के झाली की ‘खेळायला हरकत नाही’ या कागदावर सही माझी.

बुधवार, ५ तारीख
आज गोलकीपर आली. एकोणीस वर्षांची, उंच, आणि तोंडाला लगाम नाही. तिच्या डोक्याला जेल लावता लावता मला तिच्या अख्ख्या टीमची लफडी कळली. तेवीस तारखेच्या रविवारी तिचा मोठा सामना आहे, निवड समितीचे लोक बघायला येणार आहेत.

चांगला पाय दोनशे, दुखरा उजवा एकशे अठ्ठेचाळीस. म्हणजे चौऱ्याहत्तर टक्के. मी सरळ सांगितलं की तेवीस तारीख विसर. ती रडली, मग हसली, मग पुन्हा येते म्हणाली. मी नाही म्हटलं याचं मला इतकं बरं वाटलं, की घरी येताना उगाच फुलं विकत घेतली.

फुलं ठेवायला भांडं नव्हतं. ते शोधताना धाकटीची आठवण आली आणि सगळं बरं वाटणं गेलं.

शुक्रवार, ७ तारीख
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो होता तेव्हा. वहीला सांगते, वही काही आईला फोन करायची नाही.

माझी धाकटी बहीण लांब उडी मारायची. तिचा गुडघा मीच नऊ महिने घासूनपुसून उभा केला. निवड चाचणीला आठवडा उरला तेव्हा ती एक्याऐंशी टक्क्यांवर होती. तिने हट्ट धरला नव्हता, हे मला स्वतःला सारखं सांगावं लागतं. हट्ट माझा होता. ती तिथल्या अशाच खुर्चीत बसली होती, मी वाकले आणि तिच्या डाव्या कानात म्हटलं, चांगल्या पायाने जरा हळू ढकल.

बस, एवढंच. चांगला पाय हळू ढकलला की दुखरा आपोआप त्याच्या जवळ पोचतो. आकडा आला एक्याण्णव. मी सही केली. तिला वाटलं तीच पद्धत असेल. ताई सांगते म्हणजे बरोबरच असणार.

तिसऱ्या उडीला ती वाळूत उतरली आणि तो आवाज मला प्रेक्षकांत बसून ऐकू आला. त्यानंतर दोन ऑपरेशनं झाली. पाय अजून सरळ होत नाही. दवाखान्यात तीच माझी माफी मागत होती. मीच चुकीची उतरले गं ताई, तुझी मेहनत वाया घालवली, म्हणाली. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, असू दे.

असू दे! दोन वर्षं झाली, हे दोन शब्द घशातून खाली उतरत नाहीत. म्हणून तर मी घर सोडून इतक्या लांब आले.

मंगळवार, ११ तारीख
आज तीन चाचण्या झाल्या. तिघांचाही आकडा एक्याण्णव. टक्के सर खूश, म्हणाले तुमचा हात चांगला आहे.

टोपीवाला खूश नव्हता. संध्याकाळी त्याने मला पडद्यासमोर बसवलं. पाय ढकलण्याआधी मेंदूत पायाचा भाग जागा होतो, ते ठीकच आहे. पण चांगल्या पायाच्या प्रत्येक वेळी, टुंग वाजायच्या दोन सेकंद आधी, कानामागचा भागही जागा होत होता. तो ऐकण्याचा भाग, तोही फक्त चांगल्या पायाच्याच वेळी. त्याने विचारलं की आत कुणी बोलतं का? मी म्हटलं, कोण बोलणार? त्याने खोलीतलं ध्वनिमुद्रण लावलं. टुंग सोडून काही नाही.

त्याने तारा बदलल्या. मी घरी येऊन जेवले नाही.

गुरुवार, १३ तारीख
आज एक सायकलपटू काका आले होते, शाळेत गणित शिकवतात. एक्याण्णव. निघताना त्यांनी माझे आभार मानले. तुम्ही ती चांगल्या पायाची युक्ती सांगितलीत म्हणून जमलं, नाहीतर मी वेड्यासारखा जोर लावत होतो, म्हणाले.

मी काचेबाहेर होते. माइक बंद होता. मी त्यांना ‘बसा’ आणि ‘झालं’ याखेरीज काहीही बोललेले नाही.

आधीच्या तिघांना फोन केले, काही त्रास नाही ना, असं उगीच विचारत. तिघांनीही आपणहून तेच सांगितलं. एक जण म्हणाली, तुमचा आवाज किती मायेचा आहे हो.

सोमवार, १७ तारीख
टोपीवाल्याने आज यंत्र तपासायला मलाच बसवलं. सकाळचे अकरा वाजले होते, काचेपलीकडे तो चहा पीत होता, सगळं अगदी रोजच्यासारखं. दार लागलं.

डाव्या कानाशी कुणीतरी वाकलं. श्वास कोमट होता. आवाज माझाच. ओरडणारा नाही, दटावणारा नाही. मायेनं, अगदी मायेनं. तेच वाक्य.

माझा एकही पाय दुखरा नाही. दोन्ही चांगले आहेत. मग दोन्हीही हळू झाले.

बाहेर येताना उंबऱ्याला अडखळले. टोपीवाल्याने पडदा पाहिला आणि पडदा बंद केला. टोप्या आज धुतल्या नाहीत.

बुधवार, १९ तारीख
गोलकीपर पुन्हा आली. मी सरांना सांगितलं होतं की तिची चाचणी नको. मी कामावर आल्यावर कळलं, सकाळीच झाली. एक्याण्णव.

दोन आठवड्यांत कुणाचा पाय इतका सुधारत नाही. आकडे काढून पाहिले. दुखरा एकशे अठ्ठेचाळीस. तोच, एकानेही वाढला नाही. चांगला दोनशेवरून एकशे त्रेसष्टवर आलाय.

सरांकडे धावले. म्हणजे धावायला गेले, पाय ओढतच पोचले. म्हटलं, हा कागद पाठवू नका, मी सही करणार नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. सही झालेली होती. माझीच. शेवटच्या अक्षराखाली मी टिंब देते, ते टिंबसुद्धा.

बाहेर गोलकीपरने मला मिठी मारली. ती इतकी खूश होती— आणि मी, देवा, मी तेव्हाही काही बोलले नाही. सही खोटी ठरवायची तर आधीची खरी सही सांगावी लागेल ना. धाकटीची. भूत वगैरे काही नाही. मीच गप्प आहे.

शुक्रवार, २१ तारीख
ठरवलं. आधी धाकटीला सांगायचं, मग सगळ्यांना.

फोन तिनेच उचलला. मी तोंड उघडायच्या आत ती हसून म्हणाली, आज फोनला उशीर केलास. रोज दुपारी तर बरोब्बर येतो.

मी दोन महिन्यांत तिला फोन केलेला नाही.

ती सांगत गेली. तू सांगतेस तसं करतेय गं ताई. चांगल्या पायाने हळू ढकलते. उठताना हळू, जिन्यात हळू. आता तो पायही उचलत नाही, आई धरून उठवते. पण बघ ना, दोन्ही पाय आता सारखे झालेत. शंभर टक्के!

तिला आनंद झाला होता. मला शाबासकी मागत होती.

मी सांगितलं. सगळं. एक्याऐंशी, कानात, सही, सगळं. मग ती म्हणाली, असू दे.

शनिवार, २२ तारीख
टक्के सर फोन घेत नाहीत. टोपीवाला कामावर आला नाही, खोलीला कुलूप.

गोलकीपरच्या कोचना फोन केला. मुलीला उतरवू नका म्हटलं, चाचणी खोटी आहे, दोष माझा आहे. कोच चिडल्या. म्हणाल्या, बाई, तासाभरापूर्वी तुम्हीच फोन करून सांगितलंत की आता कुणाचंही ऐकू नका, तिला बिनधास्त खेळवा. तुमचं नक्की काय ठरलंय?

मुलीचा फोन बंद. सामन्याआधी बंदच ठेवते म्हणे.

जिना उतरायला वीस मिनिटं लागली. बसून बसून उतरले. उद्या जायचंच. तिच्यासमोर उभी राहीन—

रविवार, २३ तारीख
मैदान. पोचले. रिक्षावाल्याने उचलून पायऱ्यांवर बसवलं.

ऊन लख्ख. माणसं भरपूर. भुताला जागाच नाही इथे.

उठता येत नाही. ढकलते, पाय ढकलत नाहीत. हाक मारली— हाकही हळू झाली. ओठ हलतात, एवढंच. शेजारच्या काकूंनी पाणी दिलं.

हात चालतोय. फक्त हात. म्हणून लिहितेय. काकूंना वही दाखवली, त्या म्हणाल्या चष्मा घरी राहिला. पुढच्या माणसाला कोपराने ढोसलं— वळला, हसला, पुन्हा तिकडे.

कुणी वाचा. गोलकीपरला बाहेर काढा. तिचा उजवा पाय एकशे अठ्ठेचाळीस आहे, दोनशे नाही. सही मी केली. दोन्ही वेळा मीच. दोष तिचा नाही, ती चुकीची उतरणार नाही, तिला नंतर कुणी तसं—

तिने मला पाहिलं. हात हलवला. मी हात हलवला, नको, नको म्हणून. तिला वाटलं मी—

कॉर्नर आहे. चेंडू उंच येतोय. ती पुढे निघाली.

धाकटे, मला

उडाली. दोन्ही हात वर. किती उंच गं— कुणाला कळत नाहीये, सगळे टाळ्या— अजून खाली आलेली नाही, उजवा पाय आधी टेकणार, गुडघा आत