बाबांना ताप येऊ द्यायचा नाही

३ फेब्रुवारी
बाबांच्या प्रोस्टेटची बायोप्सी ठरली, चंद्रपूरला. सगळं वाचून काढलं. सुई गुदद्वारातून घातली तर तिथले जंतू रक्तात जाऊ शकतात. गुदद्वाराच्या पुढच्या कातडीतून घातली तर तो धोका बराच कमी. शाळेआधी बाबांनीच मला घरी लिहायला शिकवलं. त्यांना साधा तापही येऊ देणार नाही. डॉक्टरांशी शांतपणे बोलायचं. मी मुळात शांतच आहे.

७ फेब्रुवारी
शांतपणे बोलले. टेबलाची काच फुटली. आधीच तडकलेली असावी. डॉक्टर म्हणाले, "ताई, कातडीतूनच करणार होतो. बसला असतात तर सांगितलं असतं." बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "पोरी, सुई मले टोचनार हाये, तू काऊन काचा फोडून राह्यली?" वयामुळे चिडचिड होते त्यांची.

१२ फेब्रुवारी
बायोप्सी झाली. काही दिवस ताप-थंडीवर लक्ष ठेवायचं. भेटायला आलेले एक काका हात न धुताच खाटेपाशी निघाले. मी फक्त त्यांना बेसिनची दिशा दाखवली. खांदा निखळला नाही, उगाच ओरडले.

१३ फेब्रुवारी
मूल या आमच्या गावी, घरी आलो. दर तासाला ताप मोजते. नॉर्मल. अकराव्या वेळी बाबांनी थर्मामीटर भिंतीवर आपटला. अशक्तपणा. दुसरा आणला.

१४ फेब्रुवारी, दुपारी
दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, संघपालने, मोहाच्या दारूची बाटली आणली. म्हणे, "सुईच्या जागी चोळा, जंतू चटकन मरतेत." बाबा लुंगी वर करून तयार! मी दोनदा तोंडाने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मूठ वापरावी लागली. दादाचा पुढचा दात पडला. बाटलीही फुटली, चांगलंच झालं. माझ्या बोटाच्या सांध्यावरची कातडी जरा सोलली. किरकोळ. धुवायला वेळ नव्हता, बाबांचा ताप मोजायचा होता.

१६ फेब्रुवारी
बाबा ९८. थर्मामीटर बरोबर आहे ना, म्हणून स्वतःला लावून पाहिला. १०३. हाही बिघडला. हात सुजलाय, डासामुळे.

१७ फेब्रुवारी, डाव्या हाताने
चंद्रपूर. तेच हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, दादाच्या दातावरचे जंतू माझ्या बोटाच्या सांध्यात शिरलेत. हाताला चीर देऊन आतला पू काढावा लागला. बाबांना ताप नाही. रिपोर्टही चांगला, कर्करोग नाही. ते माझ्या खाटेपाशी बसून केळं खात आहेत.

दादा सुजलेल्या ओठाने हसत म्हणाला, "बाबाची सुई कातडीतून गेली, काईच नाई झालं. तू मात्र डायरेक्ट तोंडात घुसली."

उत्तर देणार होते, पण उजवा हात खाटेच्या वर टांगलेला आहे.