पुलावरच्या चपला

माय, मालगुजाराच्या शेतातून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो काळ्या दगडाचा पूल आता घासूनपुसून चकचकीत केलाय. मालगुजाराच्या नातवाने तिथे शहरातल्या पाहुण्यांना राहायला खोल्या काढल्यात, आणि पुलाच्या तोंडाशी पाटी लावलीय: आमच्या पूर्वजांनी गावकऱ्यांच्या सोयीसाठी हा पूल बांधला. सोय हा शब्द वाचून आधी हसू आलं, मग डोकंच फिरलं. आपल्या मोहल्ल्यातल्या माणसांनी या टोकाला चपला काढायच्या, त्या टोकाला घालायच्या, ही सोय पाटीवर नाही.

धम्माची दीक्षा घेतल्यावर बा चपला घालून पुलावरून गेला आणि कुणी काही बोललं नाही. ती रीत तिथेच संपली म्हणतात. तुझी कुठे संपली? धानाच्या रोवण्याला जाताना पूल आला की तू चपला काढतेस, काखेत धरतेस. मी शाळेत जाणारी, तुझ्यावर चिडते. "काहून काढतेस माय? आता कोनी म्हनते का?" तू म्हणतेस, "कोनी नाई म्हनत. पायच आयकत नाईत. तू घाल. जोरानं वाजव." मी पाय आपटत पुढे चालते, तू मागून अनवाणी येतेस. तेव्हा मला तुझी लाज वाटायची.

परवा त्या नातवाकडे गेले. त्याने खुर्ची दिली, चहा दिला. म्हटलं, पाटीवर एक ओळ वाढव, माझी माय इथून अनवाणी जायची. तो अदबीने म्हणाला, "मावशी, पुरावा पाहिजे ना. अन जुनं कायले उकरून राहिल्या जी?" पुरावा कुठून आणू? तुझ्याबरोबर चालणाऱ्या सगळ्या गेल्या. घरी आले तर माझा मुलगाच म्हणतो, राहू दे आई, आपल्या पोरांना तिथं काम लागलंय. त्याचंही खोटं नाही. ती ओळ काही लिहिली जाणार नाही, आणि माझ्यामागे ती मागणारंही कुणी उरणार नाही.

हे पत्र कुठे टाकणार, आणि टाकलं तरी तुला कुठे वाचता येत होतं? म्हणूनच जे कुणाला सांगितलेलं नाही ते लिहिते. त्या दिवशी नातवाशी बोलून मी पुलावरूनच परतले, ताठ मानेने, मनात त्याच्याशी भांडत. पूल संपल्यावर खाली पाहिलं, तर चपला माझ्या हातात होत्या.