वाळलेलं म्हणून

ताई,

तुझ्या खिडकीसमोरचं झाड तोडलं, तेव्हा 'वाळलेलं' असा शेरा मारणाऱ्या कारकुनाला तू माझ्यासमोरच शिव्या घातल्यास. मीही मान डोलावली. शेरा माझाच होता गं.

तू घर सोडलंस आणि मी झाडं ओळखायला शिकलो. साल नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं की झाड जिवंत. कितीतरी झाडं दरवर्षी नुसती पानं गाळतात. आता करंज, शिरीष मी सालीवरून सांगतो.

काल दुपारी तुझ्या खोलीत गेलो. बाहेर मोकळं आभाळ, तरी भिंतीवर फांद्यांची सावली हलत होती. एकेका देठाला तीन-तीन पानं.

ओळखलं मी, ताई. पांगारा होता तो.

तुझा,
तोच कारकून