मधोमध फटके

प्रिय बा,

सोमवारी नंदुरबारच्या कोर्टात माझी साक्ष आहे. सरकारी वकीलबाई म्हणाल्या, "सुमन, घाबरू नकोस. घडलं ते क्रमाने सांग." क्रमाने! तो शब्द ऐकला आणि फळ्यासमोर उभा असलेला तू दिसलास. म्हणून आधी तुलाच सांगते. तुझ्यासमोर अडखळले तरी चालेल ना? घडलं ते आपल्या मावची बोलीत, आणि कोर्टाला मराठी लागते. तिथे शब्द कमी पडायला नकोत.

आश्रमशाळेतून निवृत्त झालास तरी तुझा खडू सुटला नव्हता. उत्तम शुक्रवारच्या आधी तू आम्हा चर्चच्या मंडळीतल्या मुलामुलींना येशूच्या खटल्याचा धडा द्यायचास. जमाव वाड्याबाहेर उभा, येशू आत, आणि सुभेदार पिलात दोघांच्या मध्ये ये-जा करतोय. तू फळ्यावर एकाखाली एक लिहायचास: बाहेर, आत, बाहेर. मग फटके. मग पुन्हा बाहेर, आत, बाहेर. "बघा," म्हणायचास, "वरचं आणि खालचं एकमेकांकडे तोंड करून उभं आहे. सुरुवातीला बाहेर मरण मागतात, शेवटी बाहेरच मरण देतात. वर आत सवाल, खाली आत सवाल. वर बाहेर 'दोष नाही', खाली बाहेर 'दोष नाही'. आणि मधोमध काय?"

मधोमध चाबूक, काट्यांचा मुकुट, थोबाडीत मारणारे शिपाई. मी चिडून विचारलं होतं, "एवढं सुंदर रचायचं, आणि मधोमध मारहाण ठेवायची?" तू म्हणालास, "लिहिणाऱ्याला जिथून तुझी नजर हटू द्यायची नाही, ते तो मधोमध ठेवतो."

माझी नजर आता हटतच नाही, बा.

दावीदकाकाचा नातू तापाने गेला. तुझ्या सख्ख्या भावाचा नातू, आई-बापाविना वाढणारा, चालायला नुकता शिकलेला. सकाळी तूच त्याच्या मातीवर प्रार्थना केलीस. दुपारी काका भगताकडे गेला. बाप्तिस्मा घेतलेला माणूस! भगताने दाणे टाकले आणि नाव काढलं गोमतीमावशीचं. आपल्या शेजारची विधवा. मंडळीतली नव्हती, तिचे देव डोंगरातले. पण तिच्या अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा आपल्याच घरात शिजायच्या.

काकाने आणि त्याच्यामागून आलेल्या जमावाने तिला केसाला धरून घरातून ओढलं. डोळ्यांत तिखट भरलं. पोरांनी दगड मारले. कशी सुटली कोण जाणे, आंधळ्यासारखी चाचपडत ती आपल्या दारात येऊन पडली. मी आणि आईने तिला आत घेतलं. तिच्या कानातून रक्त येत होतं.

तू बाहेर गेलास. "काय झालं?"

"डाकीण दे, मास्तर. पोराला खाल्लं तिने."

तू आत आलास, तिच्याजवळ बसलास. "गोमती, तू त्या लेकराला काही दिलंस?"

"काढा दिला, मास्तर. लई तापलं होतं. त्याची आजीच बोलवायला आली होती."

तू पुन्हा बाहेर गेलास. मी खिडकीत होते. "या बाईचा काही दोष नाही," तू म्हणालास. "पोराला दवाखान्यात न्यायला हवं होतं. चुकलं ते आपलं सगळ्यांचं."

'आपलं' का म्हणालास रे? ते ऐकून काका पिसाळला. काठी उचलली. पहिला फटका त्याचा. तुझ्या कानशिलावर. तो आवाज मला अजून भाकरी थापताना ऐकू येतो.

मग सगळेच तुटून पडले. कुऱ्हाडीचा दांडा, पाइप, चपला. कुणीतरी ओरडलं, "बोलव तुझ्या देवाला!" आणि काही जण हसले, बा. सकाळी तुझ्याबरोबर मातीला आलेली माणसं! तुझा हात कोपरापासून उलटा वळला. तोंडातून रक्त आणि दात एकदमच पडले. आई किंचाळत दाराकडे धावली, तर तूच बाहेरून ओरडलास, "कडी लाव!"

आणि तू उठलास. कसा उठलास? फुटक्या तोंडाने पुन्हा म्हणालास, "दोष नाही तिचा." पाठ दाराला टेकलीस. आतून मी दार दाबून धरलं होतं. प्रत्येक घाव तुझ्या अंगातून फळीत येत होता आणि फळीतून माझ्या तळहातांत.

पिलातही तसाच आतबाहेर करत होता, नाही? त्यालाही दोष सापडला नव्हता. पण शेवटच्या वेळी बाहेर येऊन त्याने माणूस त्यांच्या हवाली केला. तू नाही केलंस. तुझ्या धड्यातली खालची बाजू आपल्या दारात जुळलीच नाही.

रस्त्यावरच्या दुधाच्या टेम्पोवाल्याने फोन केला म्हणून विसरवाडीहून पोलीस आले. जमाव पांगला. हवालदाराने तुझ्याकडे बोट दाखवून कुंपणाशी उभ्या काकाला अहिराणीत विचारलं, "हाऊ तुन्हा कोन शे रे?"

काका म्हणाला, "कोणी नाही. गावातला मास्तर आहे. मी आत्ताच आलो."

तू ते ऐकलंस का? ऐकलं नसशील, अशी मी देवाला विनवणी करते.

नवापूरच्या दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू विचारलंस, "गोमती?" आई म्हणाली, "आहे, जिवंत आहे." मग तू डोळे मिटलेस. बा, एकदा तरी आईचं नाव घ्यायचं होतंस! मला माहीत आहे, ती त्या जीपमध्ये वाट बघत होती.

गोमतीमावशीला एका डोळ्याने दिसतं. तीही साक्ष देणार आहे. आणि काका जामिनावर सुटून आलाय.

परवा काकी आली. म्हणाली, "सगळ्यांची नावं घे, फक्त त्याचं सोड. नातवाच्या दुःखात होता गं. आता माझं दुसरं कोण आहे?" आई चुलीकडे तोंड करून बसली.

काल काका स्वतः आला. अंगणातच उभा राहिला, पायरी चढला नाही. किती म्हातारा झालाय!

"सुमन, माझं नाव घेशील?"

"घेईन."

"मला खरंच काही आठवत नाही. काठी हातात कधी आली..."

"मला आठवतं, काका."

तो खाली बसला. रडला. आधी नातवाचं नाव घेऊन, मग तुझं. "माझा भाऊ," म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! मी त्याला पाणी दिलं. पण 'नाव घेणार नाही' असं म्हणाले नाही. तू असतास तर काय केलं असतंस? माफ केलं असतंस, हे ठाऊक आहे. पण तू साक्षीत खोटं बोलला असतास, असं मला नाही वाटत.

तर बा, हे माझं तुला वचन. सोमवारी मी पिंजऱ्यात उभी राहीन आणि सगळं सांगेन. पहिला फटका कुणाचा, तेही. माझा आवाज फुटला तर फुटू दे. आणि संध्याकाळी गावात परतल्यावर आधी काकीच्या घरी जाईन. तिने दार उघडलं नाही, तर उघडेपर्यंत ओट्यावर बसून राहीन. काकाला आत टाकलं, तर त्या घरात तिला एकटीला रात्र काढू देणार नाही.

तुझीच,
सुमन